अर्ध्या नोटेची पोच

घरतशेठ जुन्या नोटेला हात लावण्यापूर्वी अंगावरचं सोनं उतरवून ठेवत. दोन्ही हातांतल्या अंगठ्या, मनगटातलं जाड कडं, आणि वाकल्यावर पुढे लोंबते म्हणून गळ्यातली साखळीसुद्धा. हा सगळा ऐवज आमटीच्या एका स्टीलच्या वाटीत पडे. मग ते साबणानं कोपरापर्यंत हात धूत, पंख्याखाली वाळवत आणि त्यानंतरच कपाट उघडत. सोसायटीतली मुलं त्या वाटीशी खेळत, अंगठ्या अंगठ्यात घालून फिरत, त्याला शेठची काही हरकत नसे. कपाटाच्या दिशेनं कुणी शिंकलेलं मात्र त्यांना चालत नसे.

सुकापूरला आमच्या इमारतीत तळमजल्यावर ते आणि पहिल्या मजल्यावर मी, असे आम्ही बरीच वर्षं शेजारी होतो. पनवेलमध्ये शेठ व्हायला तसं फार काही लागत नाही. पांढरी गाडी आणि एखादा गाळा असला की चहावाला आपण होऊन सुरुवात करतो. आधी नवी मुंबईनं आणि मग विमानतळानं इथल्या मिठागरांचे आणि भातखाचरांचे भाव असे चढवले की एकेका गल्लीत शेठ पुष्कळ आणि नुसता माणूस दुर्मीळ झाला. घरतशेठ त्यातलेच. बापजाद्यांची मिठागरं गेली, पैसे आले, मुलांनी बांधकामाच्या साहित्याचा धंदा काढला. आवाज तेवढा मिठागरावरचा राहिला. एका बांधावरून दुसऱ्या बांधावर बोलायची सवय असलेला तो आवाज दहा बाय बाराच्या खोलीत मावत नसे.

आता शेठ नाहीत. तळमजल्यावरून हाक आली नाही तरी अजून अधूनमधून मी उगाच जिन्यात थांबतो.

त्यांचा छंद ब्रिटिश अमदानीतल्या नोटांचा. राजाचं चित्र यायच्या आधीच्या, एकाच बाजूला छापलेल्या, मागून कोऱ्या, हातरुमालाएवढ्या मोठ्या. ज्याला हौस असेल त्याला त्या दाखवत आणि ज्याला नसेल त्यालाही दाखवत. एकदा पालिकेच्या निवडणुकीचा एक उमेदवार कार्यकर्त्यांसह मत मागायला आला. शेठनी त्याला बसवलं, वाटीत सोनं टाकलं आणि म्हणाले, "हात."

"काय शेठ?"

"हात दाखवा. नोट बघायची हाय ना?"

नोट बघायला तो आलेला नव्हता. पण मतदारापुढे हात जोडायची सवय असलेल्या त्या गृहस्थाला हात उघडून दाखवायची वेळ बहुधा पहिल्यांदाच आली असावी. त्यानं निमूट दाखवले. शेठनी तळवे न्याहाळून त्याला बेसिनकडे पाठवलं. "आमच्याकडं हात साफ लागतात," ते मला म्हणाले, आणि यात काही विनोद आहे असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं नाही.

नोटेला टाचणी टोचलेली त्यांना बघवत नसे. खिशात पिना काढायचा एक चपटा चिमटा कायम असे. पुतण्याच्या हळदीत हा चिमटा गाजला. आगऱ्यांची हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. मांडवात डीजे लागलेला, पोरं नाचत होती, आणि कुणीतरी नवऱ्याच्या गळ्यात करकरीत नोटांचा हार घातला. प्रत्येक नोट पिनेनं टोचलेली. शेठनी डीजे बंद करायला लावला. सगळ्यांना वाटलं, मारामारी झाली. शेठ नवऱ्यासमोर खुर्ची घेऊन बसले आणि एकेक पिन काढू लागले. नवरा हळदीच्या अंगानं ताटकळत उभा.

"काका, आजच्या नोटा हायेत या," तो कळवळून म्हणाला.

"आज हायेत. उद्या जुन्या व्हतील. तवा भोक बघून तुझा नातू तुलाच शिव्या घालंल."

या लग्नात मी शेठच्या आत्याचं गाणं ऐकलं. वैजाआत्या धवलारीण होती, म्हणजे आगरी लग्नात विधीची गाणी म्हणणारी मानकरीण. वय नव्वदीकडे झुकलेलं, नजर मात्र मासळीवाल्याच्या वजनकाट्यावर ठेवावी तशी. घरतांच्या लग्नात ती देवादिकांची नावं घेऊन झाल्यावर एक कडवं पदरचं घाली:

"अर्धा कागुद दिला गो बाय, अर्धा इमान खाल्ला,
मुकादमाच्या दारी गो बाय, घरत नाय गेला."

सगळ्या बायका शेवटची ओळ जोरात म्हणत. घरतांचं हे जवळजवळ कुळाचं गीत होतं, आणि शेठचा सगळा संग्रह याच कडव्यातून निघाला होता.

गोष्ट अशी. शेठच्या आज्याचं मिठागर होतं. मुंबईतले मुकादम नावाचे कोकणी मुसलमान व्यापारी त्याचं मीठ घेत. एका हंगामात आज्यानं मचवे भरून मीठ पाठवलं आणि काही दिवसांनी टपालानं शंभराची नोट आली. नोट कसली, अर्धीच. मधोमध कापलेली. सोबत दुसरं काही नाही. आज्याला अक्षरओळख नव्हती, पण अर्धं काय आणि पूर्ण काय हे कळायला ती लागत नाही. मुकादमानं आपली थट्टा केली असं त्यानं धरलं. पुढे मुकादमाचा मुनीम चौकशीला आला तेव्हा आज्यानं त्याचं बोलणं ऐकून न घेता त्याला मिठागराच्या चिखलात लोळवला. व्यवहार तुटला. पुढे मुकादमांचं कुटुंब मुंबईहून पनवेललाच राहायला आलं, बाजाराजवळ त्यांचं दोरखंड आणि लोखंडी सामानाचं दुकान झालं. पण तीन पिढ्यांत एकाही घरतानं तिथून सुंभाचा तुकडासुद्धा घेतला नाही. दोर लागला की हे लोक उरणपर्यंत जात.

ती अर्धी नोट शेठनी चौकटीत बसवली होती आणि खाली मुलाकडून मोठ्या अक्षरात एकच शब्द छापून घेतला होता: पुरावा. बाकीच्या नोटा त्यांनी जमवल्या त्या या पुराव्याला सोबत म्हणून. कोलकात्याच्या, चेन्नईच्या व्यापाऱ्यांकडून मागवल्या, रंगूनच्या छापाची एक मिळाली त्या दिवशी साऱ्या सोसायटीला पेढे वाटले. नोटा इतक्या आल्या, त्यांच्याबरोबर थोडी माहितीही आली असती. पण व्यापारी सांगायला लागला की शेठ त्याला आज्याची गोष्ट ऐकवत, आणि शेठ बोलत असताना दुसऱ्या कुणाला काही सांगणं अशक्यच असे. गिऱ्हाईक चांगलं असल्यामुळे कुणी नेट धरत नसे.

मग मुंबईतल्या एका संग्राहक मंडळाचं प्रदर्शन आलं. शेठनी नाव नोंदवलं आणि इंग्रजी पाट्या वाचायला मला, म्हणजे त्यांच्या भाषेत 'सर'ला, बरोबर घेतलं. मंडळाचे अध्यक्ष बंद गळ्याचा कोट घालून वावरत होते. या कोटात माणूस भाषण न करताही भाषण करत असल्यासारखा दिसतो. त्यांनी शेठची चौकट एका हातानं उचलली.

"अर्धी नोट? संग्रहाच्या दृष्टीनं हिला काही अर्थ नाही. आणि हे खाली काय, पुरावा? कशाचा?"

"फसवणुकीचा," शेठ म्हणाले. "आमच्या आजाला—"

"हो, हो. हे तिकडे ठेवा कुठेतरी." तिकडे म्हणजे चहाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर, बिस्किटांच्या ताटाशेजारी. शेठनी चौकट ठेवली, तिच्यावर रुमाल पसरला आणि घसा खाकरून म्हणाले, "चला, बाकीच्यांची बघू."

एका काचेच्या पेटीपाशी ते थांबले. आत तशीच शंभराची नोट होती, पूर्ण. पण मधून वरपासून खालपर्यंत एक रेघ. दोन अर्धे मागून चिकटवलेले.

"सर, याच्यावर काय लिवलंय?"

मी पाटी वाचून मराठीत सांगितली. त्या काळात मोठ्या रकमेची नोट टपालानं पाठवायची तर कापून पाठवत. आधी एक अर्धा. तो मिळाल्याची पोच आली की दुसरा अर्धा. वाटेत एक तुकडा चोरीला गेला तरी चोराच्या उपयोगाचा नाही. दोन्ही अर्ध्यांवर तोच नंबर छापलेला असे, म्हणजे जोडताना ओळख पटावी.

"परत वाचा."

मी परत वाचलं.

परतताना शेठ गाडीत चौकट रुमालासकट मांडीवर आडवी धरून बसले. त्यांचा ड्रायव्हर आरशातून सारखा माझ्याकडे बघत होता, शेठना बरं नाही की काय म्हणून. वाशीच्या खाडीपुलावर ते बाहेर पाण्याकडे बघत म्हणाले, "आजाला वाचता येत नव्हतं." आणि कळंबोली आल्यावर, "मुनीम पोच मागाय आलेला."

दुसऱ्या दिवशी चौकटीखालचा शब्द गेलेला होता.

नंतरचे कित्येक आठवडे शेठनी कपाट उघडलं नाही. सोनं अंगावरच राहिलं. गणितासारखी सरळ गोष्ट होती. मुकादमानं फसवलं नसेल तर दुसरा अर्धा त्याच्याकडेच पडून असणार, आणि मुकादमांचं घर आमच्यापासून रिक्षानं दहा मिनिटांवर. ज्या तुकड्याचा जोडीदार साऱ्या हिंदुस्थानात कुठे नव्हता तो बाजारात दोरखंडाच्या दुकानाच्या वर असू शकत होता. पण तिथे जायचं म्हणजे तीन पिढ्यांचं कडवं खोटं होतं, असं कबूल करायचं. मुकादमापुढे नाही, घरतांपुढे. नोट पुरी करायची तर आजा अर्धा होत होता.

"फोन करून विचारा," मी सुचवलं.

"आणि काय बोलू? आमचा आजा अडाणी होता?"

"तो अडाणी नव्हता. अक्षरओळख नव्हती."

"ते तुमाला कळतं. आत्याला सांगा बघू."

आत्याला त्यांनीच सांगितलं, आणि काय झालं ते मला वर फरशीतून ऐकू आलं. मुकादमाचा उंबरा ओलांडलास तर माझ्या मयताला येऊ नकोस, इथवर ते गेलं. शेठ तळमजल्यावर आणि आत्या त्यांच्याच घरात, त्यामुळे मयताचा प्रश्न निघाला की जेवणं लांबत.

मग एका सकाळी शेठ माझ्या दारात उभे राहिले. हातात चौकट, आणि बोटं मोकळी. अंगठ्या नाहीत, कडं नाही, गळाही रिकामा. सोन्याशिवाय घराबाहेर पडलेले शेठ मी पहिल्यांदाच पाहत होतो. ते अचानक कुणाच्या तरी नातवासारखे दिसत होते.

"चला. आजा चुकला व्हता. चुकणं म्हंजे खोटं नाय."

मुकादमांचं घर दुकानाच्या वर, अरुंद लाकडी जिन्यानं जायचं. दार रुकय्या आपांनी उघडलं. ऐंशीच्या पुढच्या, डोक्यावर पांढरी ओढणी, जाड काचांचा चष्मा. खाली दुकान नातू बघतो, वर या एकट्या. शेठनी काय बोलायचं ते वाटेत तीनदा माझ्यापुढे म्हणून पाहिलं होतं. त्यातलं एक वाक्यही आलं नाही. नेहमीच्या आवाजात, म्हणजे रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात, ते म्हणाले:

"मी घरत. मिठागरवाला. तुमच्या दादामियांनी आमच्या आजाला अर्धी नोट पाठवलेली, ती पोचली. पोच द्यायला आलोय."

आपांनी चष्मा काढला, ओढणीनं पुसला, परत घातला.

"कधी पोचली?"

"पोचली तवाच. पोच द्यायची राहिली."

"बसा," आपा म्हणाल्या. "चहा ठेवते. तेवढा वेळ आहे ना? नाहीतरी तुमच्याकडे वेळ लागतोच."

त्या आत गेल्या. भांड्यांचा आवाज आला, मग बराच वेळ लोखंडी कपाटाचा. चहाच्या आधी अत्तराची एक जुनी लाकडी पेटी आली. तिच्यात मऊ कापडाची घडी, घडीत अर्धी नोट. चहासारखा रंग आलेली, पण टोकं ताठ.

"दादामियां सांगून गेले, पोच आली की द्यायचा. मग अब्बा सांगून गेले. मुंबईचा एक व्यापारी जुन्या वस्तू घ्यायला आला होता, माझा नातू द्यायला निघाला. मी म्हटलं, हात नको लावू. अमानत आहे. ज्याची आहे तो आला नाही, म्हणून आपली होत नाही." मग शेठकडे बघून म्हणाल्या, "पण आमच्याकडे तर सांगायचे, घरतानं आधा टुकडा गिळला आणि मुनीमला चिखलात लोळवला."

"लोळवला ते खरं हाय."

"मग त्याची पण पोच द्या."

"दिली," शेठ म्हणाले.

मी दोन्ही तुकडे टीपॉयवर शेजारी ठेवायला गेलो तर शेठनी मला थांबवलं. "हात." आपा हसल्या नाहीत. त्यांनी मला मोरी दाखवली. हात धुऊन मी आलो तेव्हा ते दोघं समोरासमोर बसले होते आणि कुणीही नोटेला शिवलेलं नव्हतं.

"सर, तुमी नंबर वाचा. मी माझा बघतो."

मी आपांच्या तुकड्यावरचा नंबर एकेक आकडा करून वाचला. शेठ स्वतःच्या तुकड्यावर बोट न टेकवता, वरूनच बोट सरकवत होते. शेवटचा आकडा मी म्हटला, तेव्हा त्यांचंही बोट शेवटच्या आकड्यावर थांबलं. मग त्यांनी दोन्ही कडा एकमेकींजवळ आणल्या. कापणाऱ्याचा हात मध्येच जरा वळला असावा. एका कडेला पोट होतं, दुसरीला त्याच मापाची खोबण. इंग्रज सरकारचं नाव पुरं झालं. मुंबईचं नाव पुरं झालं.

शेठनी खिशातून फोन काढला आणि तिथूनच घरी लावला. आता आपांच्या जिन्याखालीही ऐकू गेलं असणार.

"आत्या, जोडली. नंबर एकच हाय. आजा खोटा नव्हता, मुकादम बी खोटा नव्हता. मी त्यांच्या घरात बसलोय, च्या पितोय."

 पलीकडून आत्याचा आवाज, आम्हा सगळ्यांना स्पष्ट ऐकू येईल असा: "मंग आता माज्या गान्याचं काय?"

दुसरा तुकडा शेठच्या हातात देताना आपांनी एकच अट घातली, त्याचीही पोच पाहिजे. रिवाजाप्रमाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ पुन्हा तो जिना चढले आणि घरी नोट सुखरूप पोचल्याचं सांगून आले. त्या दिवशी घरतांच्या घरात मुकादमांच्या दुकानातला नवा दोर आला. वाळत घालायला काही नसतानाही तो गॅलरीत बांधला गेला.

पुढच्या प्रदर्शनाचं आमंत्रण घेऊन संग्राहक मंडळाचे अध्यक्ष स्वतः सुकापूरला आले. बातमी पोचली होती. दोन्ही अर्धे, दोन्ही घरांत राहिलेले, कधीही न जोडलेले: आता त्याला संग्रहाच्या दृष्टीनं अर्थ आला होता. मुख्य दालनात मधोमध काचेची पेटी देतो म्हणाले, आणि आमच्याकडे खास डिंक आहे, जोडूनही देऊ.

"डिंक नको," शेठ म्हणाले. "आणि जागा तीच द्या. चहाच्या टेबलापाशी. वळखीची हाय."

प्रदर्शनाच्या दिवशी अध्यक्षांच्या भाषणात वारसा हा शब्द इतक्यांदा आला की पुढच्या रांगेतला एक म्हातारा त्याच लयीत पेंगू लागला. मागे चहाच्या टेबलाभोवती मात्र गर्दी हलेना. चहा गार होत होता. चौकट एकच, आत दोन अर्धे, मध्ये बोटभर मोकळी जागा. खाली पाटी: पोच मिळाली. शेजारी खुर्चीवर रुकय्या आपा बसल्या होत्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला आपल्या बाजूचा तुकडा कोणता ते दाखवत होत्या. वैजाआत्याही आली होती. आपांशी ती बोलली नाही, पण स्वतःची खुर्ची ओढून त्यांच्याजवळ आणली आणि पिशवीतून सुपारी काढून पुढे केली.

समारोपाला अध्यक्ष फोटोसाठी आले. समईची वात सारून, पाहुण्यांचे हात हातात घेऊन ते थेट चौकटीकडे वळले आणि ती उचलायला गेले. शेठ मध्ये उभे राहिले.

"हात."

"काय?"

"बोटांना दिव्याचं तेल हाय. धुऊन या."

फोटोवाला थांबला. सगळा चहाचा घोळका थांबला. बंद गळ्याचा कोट बेसिनकडे गेला आणि कोपरापर्यंत बाह्या सरकवून हात धुऊन परत आला. शेठनी तळवे उलटसुलट पाहिले आणि मान डोलावली. त्या फोटोत अध्यक्षांच्या बाह्या अजून ओल्या दिसतात. आपांनी तो फोटो आपल्या दुकानात लावून घेतला आहे.

त्या वर्षी शेठच्या नातीच्या हळदीत वैजाआत्यानं कडवं बदललं. शब्द मला पुरते कळले नाहीत, कारण बायका हसत होत्या. पण शेवटच्या ओळीत घरत मुकादमाच्या दारी गेला होता, आणि ती ओळ पहिल्यापेक्षा जोरात म्हटली गेली.

शेठना मी शेवटचं पाहिलं ते बाजारात. मी समोरच्या फुटपाथवर रिक्षा शोधत होतो. ते दोरखंडाच्या दुकानापाशी गाडीतून उतरले. हातात आपांचा पितळी डबा होता. त्यातून बहुतेक खिमा आला असावा, आणि परत जाताना उरणजवळच्या करंज्याचा सुका जवळा चालला होता, कारण रिकामा डबा परत करायची पद्धत दोन्ही घरांत नव्हती. बोटं मोकळी होती, डब्याला घट्ट धरलेली. तब्येत तेव्हाच उतरलेली होती. जिन्याच्या पहिल्या पायरीवर ते दम घ्यायला थांबले. वर जाववेना, म्हणून तिथूनच त्यांनी मान वर केली आणि मिठागराच्या एका बांधावरून दुसऱ्या बांधाला ऐकू जावं अशी हाक दिली. बाजारातली माणसं वळून बघायला लागली. एक रिक्षाही थांबली.

"आपा, डबा पोचला."

वरची खिडकी उघडली. "किती उशिरा सांगता," आपा म्हणाल्या, आणि शेठ जिना चढायला लागले.